मोड येणारा मूग, पेसरट्टूचा मूग

नवी मुंबईच्या या एपीएमसी मार्केटमधील धान्य बाजारातून गेलेला मूग केवळ उसळीतच जातो असे नाही. आंध्रचा पेसरट्टू अख्ख्या हिरव्या मुगाचाच. मोड आलेले मूग, आले, हिरवी मिरची, जिरे व मीठ एकत्र वाटून तापल्या तव्यावर पातळ पसरावे. मोडामुळे मूग पचायलाही हलका होतो.

परंतु भुंग्याने पोखरलेल्या दाण्याला सहसा मोड येत नाही, आणि फसलेले गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. म्हणून मूग चांगला वाळवूनच साठवा. विक्रीपूर्वी १०० दाणे रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधा व दुसऱ्या दिवशी मोड मोजा.

एक पथ्य कटाक्षाने पाळा : औषध चोळलेले उरलेले बियाणे खाण्याच्या मालात कधीही मिसळू नका. धुतल्याने ते खाण्याजोगे होत नाही.