एकाच जुवाखालचे बाजार
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



"न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, त्याचं आम्हा कापूसवाल्यांना काय?" हा प्रश्न प्रत्येक मेळाव्यात येतो. आज त्याचा हिशेब मांडू.

भाव चढला की उतरला, एवढंच आपण पाहतो. तो किती हेलकावे खातो, हेही मोजता येतं. अमेरिकेच्या शेअरबाजाराची धास्ती मोजणारा 'व्हिक्स' नावाचा आकडा आहे. शांत दिवसांत तो 20 च्या खाली असतो. नोव्हेंबर 2008 मध्ये, बँका बुडत होत्या तेव्हा, तो 80 वर गेला. मार्च 2020 मध्ये, कोरोना आला तेव्हा, 82 वर. त्याच महिन्यात आपला 'इंडिया व्हिक्स' 70 च्या वर चढला आणि 23 मार्चला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्के घसरला. आणि रुई? जानेवारीत न्यूयॉर्कला पौंडामागे 70 सेंटच्या आसपास होती, ती एप्रिलच्या सुरुवातीला 50 च्या खाली आली. रुईची प्रत काही तीन महिन्यांत बिघडली नव्हती!

मग झालं काय? सटोडियाचा पैसा सगळ्या बाजारांत फिरतो, तोही बराचसा उसना. शेअरमध्ये खोट आली की दलाल जादा अनामत मागतो. ती भरायला सटोडिया हातातले रुईचे, तेलाचे सौदे विकतो. शिवाय गिरण्या थांबल्या, मागणी आटली. एक बाजार हलला की दुसरा हलतो तो असा.

जुंपलेले बैल पाहा. एक जरा पुढे, एक मागे. पण जू त्यांना फार लांब जाऊ देत नाही. बाजारांच्या हेलकाव्यांचंही लांब पल्ल्यात तसंच आहे. हेलकावे मोजण्याची रीत एंगल यांनी दिली, एकत्र चालणारे आकडे ओळखण्याची ग्रेंजर यांनी. त्याबद्दल दोघांना 2003 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

वादळ शमतंही. डिसेंबर 2020 मध्ये रुई पुन्हा 70 सेंटच्या वर होती. पण तोवर थांबणार कोण? ज्याच्या दारात सावकार उभा नाही तो!

म्हणून सांगतो, कर्ज काढून कापूस घरात ठेवू नका. सगळा माल एका दिवशी विकू नका, टप्प्याटप्प्याने विका. आणि रेडिओवर शेअरबाजाराची बातमी लागली तर बटण फिरवू नका. ती आपल्या कापसाचीही बातमी आहे.