छपरातलं भोक आणि हरवलेलं अंतर

(चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर येथील व्याख्यान)



मे महिन्याच्या मध्यास सोलापुरात भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो. त्या वेळी पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहा आणि जमिनीवर बघा. छपरात खिळ्याचं एखादं भोक असेलच. भोक वेडंवाकडं असतं, पण खाली पडलेला उजेडाचा ठिपका मात्र गोल असतो. छप्पर सहा मीटर उंच असेल, तर ठिपका साधारण साडेपाच सेंटिमीटरचा भरतो. तो भोकाचा आकार नाही, ती सूर्याची प्रतिमा आहे. 26 डिसेंबर 2019 च्या ग्रहणात असेच ठिपके चंद्रकोरीसारखे दिसले, कारण सूर्यच तसा दिसत होता.

कॅमेरा म्हणजे हेच. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला किरण भोकातून सरळ जातो. वरचा किरण खाली जातो, डावीकडचा उजवीकडे, म्हणून प्रतिमा उलटी पडते. भोक मोठं केलं की चित्र पुसट होतं, लहान केलं की उजेड कमी पडतो. या पेचातून लेन्सने सोडवलं. एकाच बिंदूचे पुष्कळ किरण ती गोळा करते आणि एका जागी आणते.

आता मुख्य गोष्ट. प्रतिमेची रुंदी ठरते ती वस्तूची रुंदी आणि तिचं अंतर यांच्या गुणोत्तरावरून. पाच मिलिमीटर फोकल लांबीचा कॅमेरा घ्या. दोन मीटरवर एक मीटर रुंदीचा टॉवेल टांगा. प्रतिमा अडीच मिलिमीटर. चार मीटरवर दोन मीटर रुंदीची चादर टांगा. प्रतिमा पुन्हा अडीच मिलिमीटरच! कॅमेऱ्याच्या दृष्टीने दोन्ही एकच. फोटोत लांबी आहे, रुंदी आहे. खोली तिथे उरलेलीच नाही. बाहेर पुणे-हैदराबाद महामार्गाच्या दोन्ही कडा दूरवर एकमेकींना मिळताना दिसतात, त्याचं कारणही हेच आहे.

लोक म्हणतात, झूम लेन्सने चेहरा चपटा होतो. हे अर्धवट आहे. चेहऱ्याचं प्रमाण आपण कुठे उभे आहोत यावर ठरतं. लेन्स फक्त दुरून मोठं चित्र घ्यायची सोय करते. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी 1934 च्या ‘अमृतमंथन’ चित्रपटात अशाच दुरून टिपणाऱ्या टेलिफोटो लेन्सने राजगुरूचा डोळा पडदाभर दाखवला. कॅमेरा नाकाजवळ नेऊन तसा डोळा मिळाला नसता. जवळून नाक फुगतं आणि कान मागे पडतात.

मग हरवलेलं अंतर परत मिळवायचं कसं? एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा. दोरा हुकत राहतो. आपले डोळे साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतरावर आहेत, त्यामुळे दोघांना थोडं वेगळं चित्र दिसतं, आणि त्या फरकातून मेंदू अंतर काढतो. दोन कॅमेरे लावले की यंत्रही तेच करतं. मात्र वस्तूचं अंतर दुप्पट झालं, तर चूक चौपट होते. असं अंतर काढण्याआधी कॅमेऱ्याची स्वतःची ओळख पटवून घ्यावी लागते, म्हणजे त्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. बुद्धिबळाच्या पटासारखा काळ्यापांढऱ्या चौकटींचा नमुना वेगवेगळ्या कोनांतून दाखवायचा, ही संशोधक झेंगयू झांग यांनी 2000 साली मांडलेली रीत जगभर वापरतात. सोलापुरी चादरीवरच्या चौकटी इथे कामाच्या नाहीत. नमुना ताठ आणि सपाटच हवा.

या परिसरात प्रिसिजनसारखे कॅमशाफ्टचे कारखाने आहेत. तिथे हिशेब मायक्रॉनचा असतो. अशा जागी साध्या लेन्सने मोजमाप घेतलं तर काय होईल? अर्ध्या मीटरवरचा 20 मिलिमीटरचा जॉब, म्हणजे मोजायचा सुटा भाग, पाच मिलिमीटर जवळ सरकला, की माप एक टक्क्याने, म्हणजे 0.2 मिलिमीटरने फुगतं. जॉब बरोबर असतो. जागा चुकलेली असते. यासाठी टेलिसेंट्रिक लेन्स असते. तिच्यात मापासाठी घेतलेले किरण अक्षाला समांतर येतात, त्यामुळे वस्तू थोडी पुढेमागे झाली तरी आकार बदलत नाही. किंमत अशी की लेन्सचं तोंड वस्तूपेक्षा मोठं लागतं. म्हणून ती महाग आणि अवजड असते, पण मोजमापाला दुसरा प्रामाणिक उपाय मला दिसत नाही.

आज फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि माल रिजेक्ट होतो तोही व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून. फोटो जवळून काढला तर पुढचा दोष मोठा दिसतो, तिरका काढला तर काटकोनही काटकोन वाटत नाही. अशा फोटोवरून कोणाची मजुरी कापली जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा उद्यापासून दोषाचा फोटो काढताना एवढं करा. दोषाच्याच पातळीवर, जॉबला चिकटून, स्टीलची पट्टी ठेवा. थोडं मागे उभे राहा, फोन जॉबला समांतर धरा, आणि मग बटण दाबा.