लहान घर आणि मोठे प्रदर्शन



गोरेगाव पूर्वेस, पश्चिम द्रुतगती महामार्गालगत ‘नेस्को’च्या आवारात बॉम्बे एक्झिबिशन सेंटर उभे आहे. २०२० मध्ये करोनाच्या साथीत याच विस्तीर्ण दालनांत रुग्णांसाठी खाटा मांडल्या गेल्या होत्या. एरवी तेथे व्यापारी प्रदर्शने भरतात आणि ‘एसटेक’सारखी गृहबांधणी व अंतर्गत सजावटीची प्रदर्शने त्यांत विशेष गर्दी खेचतात. लाद्या, नळ, दारे-खिडक्या, दिवे, रंग, स्वयंपाकघराची मांडणी असा सारा संसार तेथे एका छपराखाली पाहावयास मिळतो. मुलुंड-घाटकोपरच्या रहिवाशांना घाटकोपरहून मेट्रोने येऊन, पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकाशेजारच्या गुंदवलीहून दहिसरकडे जाणारी दुसरी मेट्रो धरता येते. अंधेरी-बोरिवलीकरांना तर हे ठिकाण घराजवळचेच होय.

अशा प्रदर्शनात मांडलेली घरे सहसा प्रशस्त असतात. पाहणाऱ्यांची घरे मात्र तशी नसतात. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सदनिकेचे चटई क्षेत्र पूर्वी २२५ चौरस फूट होते, पुढे २६९ झाले आणि २०१८ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ते ३०० चौरस फुटांवर नेले. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे हेही सुमारे २६९ चौरस फूटच. तेव्हा घाटकोपरची सदनिका आणि गावातील घरकुल यांचा प्रश्न मुळात एकच आहे : थोड्या जागेत कुटुंबाने सुखाने कसे राहावे? प्रदर्शनाची उपयुक्तता या प्रश्नावरच जोखली पाहिजे.

लहान घरासाठी बारकाईने विचार करण्याची परंपरा जगात जुनी आहे. १९२६ च्या सुमारास मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार महिलेने जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराच्या सार्वजनिक वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखले. त्याचे माप जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर होते. गृहिणीची किती पावले वाया जातात, याचा विचार करून ओटा, फडताळ व मोरी यांच्या जागा तिने ठरविल्या. आजच्या आखीव स्वयंपाकघराचे मूळ अशा साध्या वसाहतीत आहे. आपल्याकडेही पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले आणि वस्तूची घडण हा अभ्यासाचा विषय ठरला.

म्हणून प्रदर्शनास जाताना घराचा नकाशा कागदावर काढून न्यावा. खोलीची लांबी-रुंदी, दार कोणत्या बाजूस उघडते, खिडकी कोठे आहे, नळ कोठे आहे, एवढे त्यावर असले तरी पुरे. घडीची मेज किंवा भिंतीत मिटणारा पलंग मनात भरला, तर तो मिटल्यावर व उघडल्यावर किती जागा घेतो, हे तेथेच मोजावे. दार अडविणारी सोय ही सोय नव्हे.

यानंतर वस्तूचा कस पाहावा. प्लायवुडवर ‘मरीन’ हा शब्द छापलेला असणे पुरेसे नाही. त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व आयएस ७१० हा क्रमांक हवा; सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडचा क्रमांक आयएस ३०३ असतो. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर ताडून पाहता येतो. पंख्याचेही तसेच. जुना पंखा सुमारे ७५ वॅट, तर बीएलडीसी पद्धतीचा पंखा सुमारे ३० वॅट वीज घेतो. दिवसाला १० तास वापर धरल्यास वर्षाकाठी एका पंख्यामागे १६० हून अधिक युनिटे वाचतात. विजेच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसविला, तर गळती होताच प्रवाह खंडित होतो व माणसाचा जीव वाचू शकतो. दिव्यांची झुंबरे पाहण्याआधी ही लहानशी पेटी पाहणे अगत्याचे आहे.

प्रदर्शनांतून होणारी प्रात्यक्षिके व चर्चासत्रे हा खरा शिकण्याचा भाग होय. लादी बसविण्याचे प्रात्यक्षिक असल्यास गवंड्याला सोबत न्यावे. कारण माल उत्तम असूनही बसविण्यातील चुकीने न्हाणीघर गळते. लादी बसविण्यापूर्वी तळाशी पाणी साठवून किमान २४ तास गळती तपासावी, हा धडा कोकणातील पावसाळ्यात लाखमोलाचा ठरतो. वास्तुरचनाकारांच्या सत्रात वायुवीजनाविषयी अवश्य विचारावे. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार दमट-उष्ण हवामानात खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या एक-षष्ठांश असावे. ९.५ चौरस मीटरच्या खोलीला सुमारे १.६ चौरस मीटर खिडकी लागते. ही खिडकी नकाशातच राहून गेली, तर पुढे कोणत्याही सजावटीने तिची उणीव भरून निघत नाही.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांची सहल न्यावयाची झाल्यास प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यावेत आणि दालने वाटून द्यावीत : एका गटाने पाणी, दुसऱ्याने वीज, तिसऱ्याने हवा व उजेड पाहावा आणि परतल्यावर आपापल्या वर्गाची खोली मोजावी. पंचायत सदस्यांनी किमतीबरोबर वस्तूचे आयुष्य, दुरुस्तीची सोय आणि सुटा भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळतो की नाही, हे टिपून घ्यावे. शाळेच्या स्वच्छतागृहातील नळ केवळ सुट्या भागाअभावी बंद पडला, तर त्याची झळ प्रथम मुलींना बसते.

दालनातील झगमगाट दोन-चार दिवसांचा असतो. घर मात्र पिढीभर वापरायचे असते. प्रदर्शनातून परतताना हाती रंगीत पत्रकांची चळत नसली तरी चालेल. मापे, मानक क्रमांक आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे यांची एक वही भरलेली असली, तर ती फेरी सार्थकी लागली असे समजावे.