गोड सोडले, पण भाकर?

श्रोतेहो, दारव्ह्याच्या बाजारात एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं, म्हणून आता गुळाचा चहा घेतो." अहो, गूळ ही साखरच! रक्ताला तिचा रंग दिसत नाही.

तीच गोष्ट भाकरीची. ज्वारी चांगली खरी; पण चार भाकरी नि वाटीभर वरण असले ताट असेल तर साखर चढणारच. निम्मे ताट मेथी, वांगी, अंबाडी असल्या भाज्यांनी भरावे, पाव भागात डाळ-उसळ, उरलेल्यात भाकर. साबुदाण्याची खिचडी तर निव्वळ पिष्टच, एकादशी असली तरी.

दवाखान्यात "काय बंद?" एवढे विचारून उठू नका. कापूस वेचायला सकाळीच निघतो, भाकर अकराला खातो, हेही सांगा. गोळीची वेळ त्यावरून ठरते. काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिले, तर शेतातच दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात. माणूस शुद्धीवर असेल तर अशा वेळी तीन लहान चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा.