जुन्या संगणकाचा वेग आणि सोलापूरचा उन्हाळा



गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. सोलापुरांत त्या दिवसांत पहाटे अंगावर चादर घ्यावी लागते आणि दुपारींही पंख्याची आठवण होत नाहीं. अशा एका संध्याकाळीं माझा पुतण्या एक संकल्प घेऊन माझ्याकडे आला. घरांतील जुन्या संगणकाचा प्रोसेसर त्याच्या ठरविलेल्या वेगापेक्षां अधिक वेगानें चालवावयाचा, आणि तो जळूं मात्र द्यावयाचा नाहीं ! या प्रकाराला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मराठींतही आतां तोच शब्द रूढ झाला आहे. मीं त्याला एवढेंच विचारलें, "आणि मे महिन्यांत काय करशील?" हा प्रश्न त्याला अगदींच अप्रस्तुत वाटला. मला तो कां सुचला, हें सांगण्यासाठींच आज आपल्यापुढें आलों आहें.

प्रोसेसर आपलें काम एका ठोक्यावर करतो. इंटेलचा आय-५ २५००के हा २०११ सालच्या जानेवारींत बाजारांत आलेला प्रोसेसर घ्या; पुतण्याच्या पेटींत तोच आहे. त्याचा मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा, गुणक ३३, म्हणून त्याचा वेग ३.३ गिगाहर्ट्झ. गुणक ४० केला कीं वेग ४.० होतो. कारखानदार वेग ठरवितांना सावधगिरी बाळगतो. एकाच जातीच्या प्रोसेसरांतील अगदीं मंद नगानेंही, उकाड्यांत आणि साध्या पंख्याखालीं, तो वेग पेलला पाहिजे, हें त्याला पाहावें लागतें. त्यामुळें बहुतेक नगांत थोडी शक्ति शिल्लक राहते. १९९८ सालचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर याच शिलकीमुळें प्रसिद्धीस आला. त्याचा मूळ ठोका ६६ वरून १०० वर नेला, कीं ३०० मेगाहर्ट्झचें तें यंत्र कित्येकांच्या घरीं ४५० वर बिनतक्रार चालत असे.

आपल्या पूर्व भागांत ज्यांचें बालपण यंत्रमागांच्या खडखडाटांत गेलें, त्यांना ही गोष्ट निराळी सांगावयास नको. माग अधिक वेगानें पळवितां येतो. परंतु ताण्याचें सूत तो वेग सोसेल तोंपर्यंतच. जाणता जॉबर वेग वाढवितांना मागाच्या आवाजावर खूष होत नाहीं, तुटणाऱ्या धाग्यांकडे पाहतो. फरक इतकाच कीं मागावरचा तुटलेला धागा डोळ्यांना दिसतो. प्रोसेसरचा दिसत नाहीं.

मला तो कसा दिसला, तें सांगतों. २०१३ सालच्या जानेवारींत मीं अशाच एका प्रोसेसरचा वेग ४.५ गिगाहर्ट्झवर नेला. खोलींत २४ अंश तापमान होतें. भरपूर काम दिलें असतां प्रोसेसर ७२ अंशांवर स्थिर राही. मी विजयी मुद्रेनें हिंडत होतों. मे महिन्यांत वडिलांच्या षष्ट्यब्दीपूर्तीची जुनी व्हीएचएस फीत संगणकावर उतरवून घेतली आणि तिचें संक्षिप्त रूप करण्याचें काम यंत्राला दिलें. खोली ३९ अंशांवर होती, म्हणून प्रोसेसर ८७ वर गेला. तरीहि तो बंद पडला नाहीं. कारण हे प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोंचल्यावरच स्वसंरक्षणासाठीं आपला वेग आपण कमी करतात. काम पुरें झालें. मूळची प्रचंड फाइल जागा अडविते म्हणून पुसून टाकली. फितीला बुरशी लागली होती, ती रद्दींत गेली. पुढें दिवाळींत सर्व मंडळी पाहावयास बसली, तेव्हां मधलीं अकरा मिनिटें नुसत्या रंगीत चौकोनांचीं निघालीं. त्या अकरा मिनिटांत वडील बोलत होते.

तेव्हां "प्रोसेसर जळेल काय?" ही नवशिक्याची भीति बरीचशी अस्थानीं आहे. विद्युद्दाब बेसुमार वाढविल्याखेरीज तो सहसा जळत नाहीं. भ्यावयाचें तें त्याच्या चुकीच्या उत्तराला. आणि उष्णता वाढली कीं तीच गति पेलणें त्याला अधिक कठीण होतें. जानेवारींत ठरविलेली मर्यादा म्हणूनच सोलापुरांत मर्यादा नव्हे.

आतां कृतीकडे वळूं. पहिल्यानें आपल्या प्रोसेसरला हें करूं देतात कीं नाहीं, तें पाहावें. त्या पिढींत नांवाच्या शेवटीं 'के' असेल तरच गुणक मोकळा असतो, आणि मदरबोर्डही पी-६७ किंवा झेड-६८ यांसारख्या जातीचा लागतो. घरोघरीं आढळणाऱ्या एच-६१ वर हा खटाटोप व्यर्थ आहे. त्यांत मूळ १०० चा ठोका वाढविण्याचा मोह कोणी सुचवील. त्या नादीं लागूं नये. या यंत्रांत तो ठोका इतर भागांनाही पुरविला जातो, आणि हार्डडिस्कचें लिहिणें बिघडण्याचा धोका असतो.

मग पेटी उघडून धूळ काढावी. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ तर आहेच. शेजारीं माग असेल तर कापसाचा तंतु पंख्याच्या पात्यांना आणि पन्हळींना असा बिलगतो कीं वारा पलीकडे जातच नाहीं. दहा वर्षांपूर्वीचा थर्मल पेस्टचा लेप वाळून खडू झालेला असतो. तो पुसून नवा द्यावा. सोबत आलेला लहानसा पंखा काढून उंच मनोऱ्यासारखा कूलर बसवावा. हलक्या प्रतीच्या एसएमपीएसवर हा प्रयोग मुळींच करूं नये. एवढें झाल्यावर घरांतील सर्व कागदपत्रें आणि छायाचित्रें दुसऱ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटांत ठेवावी. मीं नेमकें हेंच केलें नव्हतें.

बायॉसमधील मूळचे आकडे कागदावर उतरून घ्यावे; यंत्र सुरूच झालें नाहीं, तर वीज काढून सीमॉस पूर्ववत् कसा करावयाचा, हेंही मदरबोर्डच्या पुस्तिकेंत आधींच वाचून ठेवावें. नंतर गुणक एकेका पायरीनेंच वाढवावा. प्रत्येक पायरीनंतर प्राइम९५ हा कार्यक्रम चालवावा. हा मुळांत प्रचंड मूळसंख्या शोधण्यासाठीं झालेला कार्यक्रम. परंतु त्याच्या चाचणींत ज्या गणितांचीं उत्तरें आधींच ठाऊक आहेत तीं गणितें तो प्रोसेसरकडून करवून घेतो आणि उत्तर चुकलें कीं तत्काळ सांगतो. मला अदृश्य राहिलेला धागा येथें दिसतो. आरंभीं एक तास आणि शेवटच्या पायरीवर रात्रभर ही चाचणी द्यावी. एकही चूक आढळली तर दोन पायऱ्या खालीं उतरावें.

येथें जाणते लोक म्हणतील, व्होल्टेज थोडें वाढवा. नवशिक्यानें त्यांचें ऐकूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणांत वाढते, पण विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग २० टक्के आणि दाब १० टक्के वाढविला, तर उष्णता सुमारें ४५ टक्के वाढते ! शिवाय कित्येक मदरबोर्ड 'ऑटो' या गोंडस नांवाखालीं आपल्याला न विचारतां दाब वाढवून ठेवतात. तेव्हां चाचणीच्या वेळीं त्या आकड्यावरही नजर असावी.

तापमानाचा हिशेब मात्र सोपा आहे. काम तेंच असेल तर प्रोसेसर खोलीपेक्षां जवळजवळ तितकेच अंश वर राहतो. मे महिन्याच्या भर दुपारीं ८० च्या वर जावयाचें नसेल, तर जानेवारींत ६५ वरच थांबलें पाहिजे. ही वजाबाकी पुण्याच्या मित्राच्या आकड्यांत आपल्याला मिळणार नाहीं.

आणि एवढें करून पदरांत काय पडतें? निव्वळ प्रोसेसरचेंच काम असेल, तर २० टक्के वेगानें तासाचें काम पन्नास मिनिटांत होतें. पत्रें लिहिणें, हिशेब ठेवणें, वृत्तपत्र वाचणें, यांत कांहींच फरक जाणवत नाहीं. ज्यांचा संगणक सुरू होतांनाच कण्हतो, त्यांनीं जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवावी. त्यांना ओव्हरक्लॉकिंगची गरजच उरणार नाहीं. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा २०२५ सालच्या ऑक्टोबरांत संपला, आणि विंडोज ११ या प्रोसेसरला आपल्या यादींत घेत नाहीं; वेग वाढवून तें वयही कमी होत नाहीं.

पुतण्याला हें सर्व सांगितलें. तो थोडा हिरमुसला, पण धूळ काढावयास त्याच रात्रीं बसला. दाब न वाढवितां त्याचा प्रोसेसर ४.१ वर पहाटे चुकला, म्हणून ३.९ वर आणून ठेवला आहे. मे महिन्यांतील एका दुपारीं तीन वाजतां, खोलींतला कूलर बंद करून, आम्ही पुन्हा चाचणी घेणार आहों.