दाण्यातली गांधीलमाशी

जगात नावे ठेवणारे पुष्कळ, नाव देणारे थोडे. आज एका नाव देण्याचीच गोष्ट सांगतो.

दक्षिण फ्रान्समध्ये केर्सी नावाचा प्रदेश आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या फॉस्फेटच्या खाणींत माश्यांचे दगड झालेले कोश सापडले. एकेक कोश तांदळाच्या दाण्याएवढा, वय सुमारे साडेतीन ते चार कोटी वर्षे. ते संग्रहालयांच्या कपाटांत जाऊन बसले. १९४४ साली एदुआर्द हांडशिन या स्विस कीटकशास्त्रज्ञाला एका कोशात गांधीलमाशीसारखी पुसट आकृती दिसली. पण कोश न फोडता आत डोकावण्याची सोय तेव्हा नव्हती.

ती सोय पुढे झाली. जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील थॉमस फान दे कांप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,५१० कोशांतून प्रखर क्ष-किरण सोडले, मिळालेली छायाचित्रे संगणकावर जोडली आणि दगडाला धक्का न लावता आतले शरीर उभे केले. ५५ कोशांत माशीच्या जागी दुसराच कीटक होता! गांधीलमाशीचाच हा इवलासा भाऊबंद. याची मादी माशीच्या कोशात अंडे घालते. अळी आतली माशी खाऊन वाढते आणि पंख फुटले की बाहेर पडते. उवा-गोचिडी यजमानाला सहसा जिवंत ठेवतात. हा मात्र त्याचा जीव घेतोच. केर्सीतल्या या कीटकांना बाहेर पडण्याआधीच मरण आले.

आता नावाचे. वाघ आणि सिंह या दोन जाती, पण प्रजाती एकच, पँथेरा. जाती म्हणजे व्यक्ती, प्रजाती म्हणजे घराणे म्हणा. नव्या कीटकाचे पंख, मिशा, सांधे ज्ञात घराण्यांशी ताडून पाहायचे. कुठेच जुळले नाही, तरच नवे घराणे मांडायचे. सविस्तर वर्णन छापायचे आणि एक नमुना साक्षीला जपून ठेवायचा, म्हणजे उद्या कुणालाही ते पडताळता येते.

२०१८ साली अशा चार नव्या जाती आणि दोन नव्या प्रजाती जाहीर झाल्या. एका प्रजातीचे नाव झेनोमॉर्फिया. १९७९च्या ‘एलियन’ चित्रपटात माणसाच्या छातीतून बाहेर येणाऱ्या प्राण्यावरून ते घेतले आहे. तिच्यातली एक जाती हांडशिनी. ज्याला फक्त सावली दिसली होती, त्याचे नाव अशा एका कीटकाला मिळाले!

गझलेच्या शेवटच्या शेरात कवी आपले नाव गुंफतो. इथे नाव गुंफले ते मागून आलेल्यांनी. आणि हे घडले, कारण कुणीतरी ते दाणे कचरा समजून फेकून दिले नव्हते. आपल्याकडच्या संग्रहालयांच्या कपाटांतही अशा कित्येक पेट्या असतील. त्यांवरची धूळ झटका, पेट्या मात्र फेकू नका.