ग्राहकाचा विश्वास आणि पेढीची शिस्त
(व्याख्यानाचा सारांश)



सोन्याच्या व्यवहाराचे वैशिष्ट्य असे की, ग्राहक जे विकत घेतो ते त्याला पारखता येत नाही. धान्य मुठीत घेऊन पाहता येते, कापडाचा पोत बोटांना कळतो. परंतु बांगडीत शेकडा ९१.६ भाग सोने आहे की ८५, हे डोळ्यांना दिसत नाही. ग्राहक पैसे मोजतो ते सराफाच्या शब्दावर. त्या शब्दाची परीक्षा होते दहा-वीस वर्षांनी, घरातील आजारपणासाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी तोच दागिना मोडावा लागतो तेव्हा. त्या वेळी घट अपेक्षेहून अधिक निघाली, तर हानी होते ती नेमकी अडचणीत सापडलेल्या कुटुंबाची.

पूर्वी ही उणीव ओळखीने भरून निघे. कसोटीवर ओढलेली रेघ आणि पेढीचे नाव एवढे प्रमाण पुरेसे होई. त्या परंपरेचा गौरव अवश्य करावा. परंतु दगडावरची रेघ वरच्या थराचा अंदाज देते, आतला डाख दाखवीत नाही, हेही सांगितले पाहिजे. शिवाय ज्येष्ठ मालक गादीवरून उठले की पुष्कळदा विश्वासही त्यांच्याबरोबर उठतो. गाव सोडून शहरात गेलेल्या ग्राहकाला तर प्रत्येक सराफ परकाच.

भारतीय मानक ब्यूरोने २००० साली सुरू केलेल्या हॉलमार्कचे महत्त्व येथे आहे. ही मोहोर विकणारा स्वतः उठवीत नाही. ती मान्यताप्राप्त तपासणी केंद्र उठवते. तेथे नमुन्याचा कण शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत तापवितात, हिणकस धातू वेगळे होतात, चांदी आम्लात विरघळते आणि उरलेल्या सोन्याचे वजन होते. १६ जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला. त्याच वर्षी १ जुलैपासून प्रत्येक दागिन्यास सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळख मिळू लागली. १ एप्रिल २०२३ पासून तर तिच्यावाचून हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. शुद्धता कमी भरल्यास तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि चाचणीचे शुल्क ग्राहकास देण्याची तरतूद २०१८ च्या नियमांत आहे.

२३ ऑगस्ट २०२१ रोजी देशातील अनेक सराफांनी या ओळख-क्रमांकाविरुद्ध लाक्षणिक बंद पाळला. केंद्रांवरील विलंबाची त्यांची तक्रार निराधार नव्हती. तथापि या क्रमांकाचा सर्वाधिक लाभ प्रामाणिक सराफालाच आहे. कारण त्याचा माल आता अनोळखी गावातही स्वतःची साक्ष देतो.

मात्र मोहोर केवळ शुद्धता सांगते. खड्यांचे वजन सोन्यात धरले काय, मजुरी किती, घट कशावर आकारली, हे ती सांगत नाही. ‘कॅरेट’ हा शब्दच पाहावा: सोन्यासाठी तो चोविसांतला हिस्सा, हिऱ्यासाठी २०० मिलिग्रॅमचे वजन. ‘तोळा’ खरा ११.६६४ ग्रॅमचा, बाजारात बोलला जातो तो दहाचा. अशा जागी गैरसमज अप्रामाणिकपणावाचूनही होतो आणि ग्राहक तो फसवणूकच समजतो. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापे आणि अस्सलात नक्कल मिसळणे यांची गणना आहे. तेव्हा काट्याची वार्षिक पडताळणी हे केवळ सरकारी निरीक्षकासाठी करावयाचे काम नव्हे.

पावतीवर एकूण वजन, खड्यांचे वजन, निव्वळ सोने, शुद्धता, मजुरी आणि हॉलमार्क शुल्क वेगवेगळे लिहावे. भिंग मागण्यापूर्वीच ग्राहकाच्या हाती द्यावे. दुरुस्तीस आलेला दागिना घेताना आणि परत देताना, दोन्ही वेळा त्याच्यासमोर तोलावा व दोन्ही आकडे चिठ्ठीवर नोंदवावेत. मालक गादीवर असोत वा नोकर.